शंभर टक्क्यांखालची सतरंजी

मी सतरंजी बोलतेय. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या शाळेच्या सभागृहातली मोठी सतरंजी. मला उचलायला दोन माणसं लागतात आणि झटकायला चार. चार माणसं एका वेळी कधी मोकळी नसतात, म्हणून मला झटकायचं बहुतेक वेळा राहूनच जातं. माझ्या अंगावर लाल आणि निळे पट्टे होते. लालाचा आता विटकरी झालाय, आणि निळ्याला काय म्हणायचं ते मलाही कळत नाही.

समारंभ झाला की लोक माईकबद्दल बोलतात, पाहुण्यांच्या भाषणाबद्दल बोलतात, ढालीचे फोटो काढतात. खाली काय चाललं होतं ते कोणी विचारत नाही. मला ते ठाऊक आहे. फार दमलेय मी, पण एवढं सांगून टाकते.

माझा जन्म सोलापूरकडच्या एका मागावर झाला. विणणारीचं तोंड मला आठवत नाही, तिचा खोकला आठवतो. तिथून गठ्ठ्यात बांधून मी इकडे आले ती आवडाबाईंमुळे. आवडाबाई म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष काळुराम शेठ यांच्या मंडळी. शाळा उभी आहे ती जागा शेठच्या वडिलांची, पूर्वी तिथे भात व्हायचा. एका जानेवारीत आवडाबाई बक्षीस समारंभाला आल्या आणि खुर्चीवर बसायच्या आधीच शिक्षकांना म्हणाल्या, "पोरां गार लादीवं बसलीत, तुमाना काय वाटत नाय का?"

पुढच्या महिन्यात मी आले. माझ्या एका कोपऱ्यावर त्यांचं नाव काळ्या रंगाने छापलं होतं, 'यांजकडून सप्रेम भेट' असं. त्यातलं 'सप्रेम' तेवढं आता वाचता येतं.

तेव्हा मोहन्यात कारखान्याचा भोंगा वाजायचा आणि शाळेत एकेका इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या. मुलं माझ्यावर मावायची नाहीत, कडेला लादीवर सांडायची. मग भोंगा थांबला, वसाहत रिकामी होत गेली, तीन तुकड्यांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. आता सगळी शाळा माझ्यावर बसली तरी पाठीमागे हातभर जागा उरते.

बसण्यावरून माणूस कळतो मला. मुलं बसली की दोन मिनिटांत माझा एखादा दोरा शोधतात आणि भाषण संपेपर्यंत ओढत राहतात. बाप लोक कडेला बसतात, एक पाय बाहेर ठेवून, निघायला सोपं पडावं म्हणून. आया चपला काढतात आणि डोळ्यांसमोर राहतील अशा ठेवतात. पाहुणे बुटांसकट माझ्यावरून चालत जातात. त्यांना कोणी सांगत नाही. शिक्षक खुर्च्यांवर बसतात आणि खुर्च्यांचे पाय माझ्यात रुतवतात.

विनिता बाई मात्र कधी बसायच्या नाहीत. त्या नववी-दहावीला गणित शिकवायच्या. राहायला कोपरला, येणं-जाणं लोकलने. पन्नाशी उलटलेल्या, गुडघे दुखरे. कुठलाही कार्यक्रम असो, त्या डावीकडच्या खांबाला टेकून उभ्या, आणि हातात तपासायच्या वह्या.

गेलं वर्ष शाळेचं पन्नासावं. सुवर्णमहोत्सवी वर्ष म्हटल्यावर मला विश्रांती कुठली! जूनमध्ये आमच्या शिपायाने, कुंडलिकने, मला अंथरलं आणि मग वर्षभर गुंडाळ-अंथर, गुंडाळ-अंथर. शिष्यवृत्तीला चार मुलं आली, अंथरलं. मुलींचा कबड्डीचा संघ तालुक्यात पहिला आला, अंथरलं. त्या पोरी मातीच्या पायांनीच येऊन बसल्या आणि मला ते आवडलं. आठवीतल्या आर्यनने टाकीतलं पाणी मोजणारं एक यंत्र बनवलं, ते ठाण्याच्या विज्ञान प्रदर्शनात निवडलं गेलं, पुन्हा अंथरलं. दर वेळी शाल, नारळ, फोटो. फोटोत मी असतेच, पण वर्तमानपत्रात देताना फोटो कापायचा झाला तर पहिली मला कापतात.

"मामा, आज परत?" मुलं विचारायची.

"परत म्हणजे काय रे, सुवर्णमहोत्सव हाय," कुंडलिक म्हणायचा आणि कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायचा. माझं वजन त्याच्याच पाठीला माहीत.

ऑगस्टमध्ये पहिली चाचणी झाली आणि मुख्याध्यापकांनी शिक्षकांची सभा घेतली. मुख्याध्यापक परशुराम सर. त्यांच्याबद्दल गैरसमज नको, माणूस वाईट नाही. काळजीत असले की रुमालाची चौघडी करतात आणि गुडघ्यावर ठेवतात. त्या दिवशी रुमालाची घडी चार वेळा मोडली.

"शेठनी माझ्याकडे एकच मागितलंय," ते म्हणाले. "पन्नासाव्या वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्के. सकाळी आपल्या गेटसमोरून इंग्रजी शाळेची बस मुलं भरून नेते, आपण बघतो. निकाल लागला तर पालक थांबतील. नाही थांबले तर एक दिवस आपल्यातलेच दोघं-तिघं अतिरिक्त ठरतील. मला कोणालाही गमवायचं नाहीये. ज्या मुलांचा धोका वाटतो त्यांची नावं द्या."

विनिता बाईंनी खांबाला टेकूनच तीन नावं लिहिली. वहीवर कागद ठेवून, झरझर. त्यांना तेव्हा काही वाटलं असेल असं मला वाटत नाही. पटावरच्या एक्केचाळीस मुलांतून तीन. त्यातल्या दोघांच्या घरच्यांनी लगेच क्लास लावले, पुढच्या परीक्षेत ती वर आली. राहिली ऐश्वर्या.

ऐश्वर्याला मी ओळखायची, कारण मला अंथरताना कुंडलिकच्या समोरचं टोक तीच धरायची. बोलायची थोडं. सुरकुती दिसली की वाकून हाताने सरळ करायची. तिच्या नावावर बक्षीस कधी नव्हतं. जून-जुलै-ऑगस्टमध्ये तिची गैरहजेरी इतकी होती की हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल रांग उभी होती. चाचणीत गणितात सहा, सहामाहीत नऊ.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिच्या आईला बोलावलं. ऑफिसला सुवर्णमहोत्सवाचा रंग चालू होता, म्हणून सरांचं टेबल हॉलमध्ये माझ्यावरच मांडलं होतं. म्हणून मला सगळं ऐकू आलं.

आईचं नाव कलावती. कल्याणच्या एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. सरांनी खुर्ची पुढे केली.

"नको सर, हितंच बरंय," असं म्हणून ती चपला काढून माझ्यावर बसली. तिच्या पदराला पिठाचा वास होता.

सरांनी समजावून सांगितलं, अगदी हळुवारपणे. मुलीचं नाव शाळेतून कमी करायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, परीक्षा बाहेरून द्यायची. पेपर तोच, बोर्ड तेच.

"मग फरक काय सर?" कलावतीने विचारलं.

बाहेरून बसणारी मुलं शाळेच्या निकालात मोजत नाहीत, ते सरांनी सांगितलं नाही. "तिच्यावर ताण नाही राहणार. आमच्याकडे सराव परीक्षा असतात, जादा तास असतात. तिला ते झेपत नाहीये."

"माझ्या सहीनं तिचं बरं होणार असंल तर करते की."

ती पेन घ्यायला पुढे झाली आणि तिचा उजवा हात पदराबाहेर आला. मनगटापासून कोपरापर्यंत नवी गुलाबी कातडी, चुरगळलेल्या कागदासारखी. पेन तिच्या बोटांत नीट बसेना.

विनिता बाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "हाताला काय झालं?"

"तेल सांडलं बाई. जूनमधी. आता बरंय, पण तीन महिने लाटणं धरता येत नव्हतं. मग ऐश्वर्याच उभी राहायची माझ्या जागी. पहाटे पाचपासून. मालकीणबाई चांगल्या हायेत हो, पण पोळ्या तर व्हायला पायजेत ना. जागा गेली असती."

"शाळेत का नाही सांगितलंत?"

"चिठ्ठी लिहायला हात कुठला? अन् हिला कोनी विचारलं न्हाई. ती काय आपनहून सांगनारी न्हाई."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती सही कुठे करायची ते शोधत होती.

विनिता बाई पुढे आल्या आणि त्यांनी कागद टेबलावरून उचलला. "सर, हे नाव मी लिहून दिलेलं. मीच मागे घेते."

"बाई, असं एकदम..."

"तीन महिने माझ्यासमोर हजेरीपट होता. मी एकदाही विचारलं नाही तिला, कुठे असतेस म्हणून. नुसती लाल शाई वापरली. मी बसवते तिला संध्याकाळी, शाळा सुटल्यावर."

"आणि तरीही नापास झाली तर?" सरांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "एक्केचाळीस मुलांचं वर्ष आहे बाई. शेठना मी शब्द दिलाय."

विनिता बाईंनी कागदाची घडी घालून ती वहीत ठेवली. मग म्हणाल्या, "तर नापास झाली."

कलावती दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "मग सही करू का नको?"

"नको," विनिता बाई म्हणाल्या.

नोव्हेंबरपासून दोघी माझ्यावर बसायला लागल्या. हो, विनिता बाई बसायला लागल्या. गुडघे वाकत नसत, म्हणून आधी भिंतीला हात, मग एक पाय लांब, मग 'आई गं' म्हणून धप्पकन खाली. पाच ते साडेसहा. कुंडलिक झाडू मारून दाराशी बसायचा, कारण कुलूप त्याला लावायचं असायचं.

तुम्हाला वाटेल, आता ही मुलगी भराभर शिकली असेल. तसं काही झालं नाही. तिला अपूर्णांकच येत नव्हते, बीजगणित कुठून येणार! बाईंना पाचवीच्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागली. आज समजलेलं उद्या विसरायची. एकदा बाईंचा तोल गेला. तेच उदाहरण सातव्यांदा चुकलं होतं. त्यांनी पेन्सिल भिरकावली, ती माझ्यावरून घरंगळत थेट कुंडलिकच्या पायाशी गेली.

"डोकं कुठे असतं गं तुझं?"

ऐश्वर्या उठली, पेन्सिल आणली, टोक मोडलं होतं ते नीट केलं आणि बाईंच्या हातात दिली. "बाई, मला नाही येणार. तुम्ही घरी जा ना. तुम्हाला उशीर होतो."

बाईंनी डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. मग म्हणाल्या, "आठव्यांदा लिही."

तिने लिहिलं. आठव्यांदाही चुकलं. नवव्यांदा बरोबर आलं, पण तोपर्यंत दोघींनाही त्याचा आनंद करायचं त्राण नव्हतं. बाई नुसत्या "हं" म्हणाल्या.

मी इतकी वर्षं शाळेत आहे. टाळ्या मिळालेली शेकडो मुलं माझ्यावर बसून गेली. पण त्या 'हं'इतकं मन लावून मी कुठलंच भाषण ऐकलं नाही.

जानेवारीत सुवर्णमहोत्सवी स्नेहसंमेलन झालं. मांडव मैदानात, रंगमंच मैदानात, आणि मला मांडवात पहिल्या रांगांसाठी नेलं. धूळ, खडे, सांडलेलं सरबत. परशुराम सरांनी वर्षाचा अहवाल वाचला. शिष्यवृत्ती, कबड्डी, विज्ञान प्रदर्शन, वक्तृत्व, स्वच्छ शाळा. एकेक नाव घेतलं की ते मूल माझ्यावरून उठायचं, पळत जायचं आणि शाल पांघरून परत यायचं. माझी पुढची कड त्या दिवशी चार ठिकाणी उसवली.

शेवटी काळुराम शेठ उभे राहिले. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज खणखणीत. "मना भाषन येत नाय," त्यांनी सुरुवात केली. "पन एक सांगतो. ही शाला माज्या बापाच्या शेतावं हाय. आवंदा धावीचा निकाल शंभर टक्के लागनार. मास्तरांनी मना शब्द दिलाय!"

केवढ्या टाळ्या! मांडव हलला.

ऐश्वर्या माझ्यावर शेवटच्या रांगेत बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या, दोन-तीन. मग तिचे हात खाली आले आणि तिने माझी कड मुठीत धरली. कार्यक्रम संपेपर्यंत ती मूठ सुटली नाही. आणि विनिता बाई मांडवाच्या बांबूला टेकून उभ्या होत्या, त्यांच्या हातात त्या दिवशी वह्या नव्हत्या.

मार्चमध्ये परीक्षा झाली. मेमध्ये निकाल. दुपारी एकला सगळे शिक्षक हॉलमध्ये जमले. लॅपटॉप टेबलावर, टेबल माझ्यावर. शेठचा मुलगा प्रफुल्ल संस्थेचा सचिव आहे. त्याने नाक्यावर लावायच्या फ्लेक्सचं डिझाइन करून ठेवलं होतं. निकाल कळला की छापायला टाकायचं. फोन चालू ठेवून तो तिकडे वाट बघत होता.

एकेक क्रमांक टाकत गेले. पास. पास. प्रथम श्रेणी. विशेष प्रावीण्य. दर नावाला कोणीतरी टेबलावर थाप मारत होतं. मग एका नावाला थाप पडली नाही.

चाळीस पास. एक नापास. ऐश्वर्या, बाकी सगळ्या विषयांत पास, गणितात अठ्ठावीस.

"नाही प्रफुल्ल," सर फोनवर म्हणाले. "थांबव. नाही... शंभर नाही. सत्त्याण्णव पूर्णांक छप्पन." आणि मग बराच वेळ "हो... हो... कळतंय मला," एवढंच.

फोन ठेवून ते खुर्चीवर बसले. बाकीचे शिक्षक हळूहळू बाहेर गेले. विनिता बाई राहिल्या.

"बाई, मी तेव्हाच म्हटलेलं."

"हो सर."

"तुम्ही मेहनत घेतलीत. रोज बघत होतो मी. मी काही तुम्हाला बोल लावत नाहीये. पण आता अहवालात काय लिहू?"

"चाळीस पास, एक नापास. तसंच लिहा."

सरांनी रुमालाची घडी केली. "नऊवरून अठ्ठावीसवर आणलंत तुम्ही तिला," ते म्हणाले. "पण असलं लिहायला अहवालात रकाना नसतो हो."

संध्याकाळी शेठ आले. "मास्तर, ती एक पोर कोनची?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "शेठ, चूक माझी आहे. मी शब्द द्यायला नको होता." मुलीचं नाव त्यांनी सांगितलं नाही. शेठ "बरं" म्हणाले आणि काठी टेकत गेले. मी म्हटलं ना, परशुराम सर माणूस वाईट नाही.

जूनच्या सुरुवातीला कलावती मुलीला जवळजवळ ओढतच घेऊन आली. तीन आठवडे पोरगी घराबाहेर पडली नव्हती. हॉलमध्ये विनिता बाई नव्या मुलांच्या दाखल्यांचे गठ्ठे लावत होत्या.

"हिला सांगा बाई कायतरी. म्हनते, मी आता केंद्रातच येनार. पोळ्या चांगल्या होतात म्हनते माझ्या."

बाईंनी गठ्ठा बाजूला ठेवला. "ऐश्वर्या, पस्तीसला किती कमी पडले?"

"सात."

"मग?"

"सात मार्क म्हणजे किती असतात ते मला माहितीये बाई," ती म्हणाली. तिने पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांत बघितलं. "आणि तुम्हाला सगळे माझ्यामुळे बोलले. मामांनी सांगितलेलं मला."

दाराशी बसलेल्या कुंडलिकने मान फिरवली.

"बोलले तर बोलले. तुला काय कोणी पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरायचा नाही असं सांगितलंय का?" बाई भिंतीला हात लावून खाली बसायला लागल्या. "पुस्तक आणलंयस?"

"नाही."

"मग कुंडलिक, लायब्ररीतून काढ एक."

जुलैमधल्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म परशुराम सरांनी स्वतः भरला. पुन्हा पाच ते साडेसहा. या वेळी पेन्सिल कोणी फेकली नाही. दोघी एकमेकींना सरावल्या होत्या, मायलेकी एका स्वयंपाकघरात वावरतात तशा. कधीकधी अर्धा अर्धा तास नुसता लिहिण्याचा आवाज. बाई मध्येच पेंगायच्या. ऐश्वर्या उदाहरण सोडवून थांबायची, उठवायची नाही, पुढचं सोडवायला घ्यायची.

परीक्षा झाली. आणि निकाल लागायच्या चार दिवस आधी विनिता बाईंच्या नावाचं पत्र आलं.

पटसंख्या कमी, म्हणून गणिताचं एक पद अतिरिक्त. गणिताच्या दोघा शिक्षकांत त्यांची सेवा कमी, म्हणून त्यांची बदली दुसऱ्या शाळेत, कळव्याला. पत्र सरांनी दोन दिवस खिशात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते हॉलमध्ये आले.

"बाई, याचा निकालाशी काही संबंध नाही बरं का. मागच्या सप्टेंबरचा पट धरलाय त्यांनी."

विनिता बाईंनी पत्र दोनदा वाचलं. "मागच्या सप्टेंबरचा? म्हणजे शंभर टक्के लागला असता, तरी..."

"तरीही हेच."

खरं तर त्यांनी एकमेकांकडे बघून हसायला हवं होतं. पण हसण्यासाठीही थोडी शक्ती लागते.

"कळवा तुम्हाला बरं पडेल," सर म्हणाले. "कोपरहून सरळ. कल्याणला गाडी बदलायला नको."

"हो, बरं पडेल," बाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी निकाल आला. ऐश्वर्याला गणितात अडतीस. शाळेत तेव्हा नेहमीचे तास चालू होते. टेबल नव्हतं, लॅपटॉप नव्हता, फ्लेक्सचं डिझाइन नव्हतं. कुंडलिकने मोबाइलवर बघितलं, तो वर्गात गेला आणि दारातूनच म्हणाला, "बाई, झाली हो." विनिता बाई फळ्यावर लिहीत होत्या. त्यांनी मागे न वळता खडू खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि पुढचं लिहायला घेतलं. हे मला कुंडलिकने सांगितलं. मला म्हणजे, मला गुंडाळताना तो स्वतःशीच बोलत होता.

आज पंधरा ऑगस्ट. झेंडावंदन झालं आणि गेल्या वर्षीच्या यशस्वी विद्यार्थ्यांचा सत्कार हॉलमध्ये झाला. मला पहाटेच अंथरलं. माझं मधलं अंग आता पार विरलंय, म्हणून तिथे टेबल ठेवलं, झाकलं जावं म्हणून. संस्थेने नवी हिरवी मॅट मागवलीये. माझे धड राहिलेले तुकडे कापून बालवाडीला द्यायचे ठरलंय. ठीक आहे. लहान मुलं हलकी असतात.

परशुराम सरांनी छापील अहवाल वाचला. दहावीच्या निकालापाशी आल्यावर त्यांनी सत्त्याण्णव पूर्णांक छप्पन म्हटलं, पान उलटलं, आणि चष्मा काढला. "यात छापायचं राहिलंय. उरलेली विद्यार्थिनी, ऐश्वर्या, जुलैत पास झाली. म्हणजे सगळी मुलं पास झाली. जरा उशिरा झाली."

टाळ्या थोड्याच पडल्या. पुढच्या रांगेतली कबड्डीच्या मुलींची टोळी मात्र जोरात वाजवत होती. ऐश्वर्या मागे उभी होती. अकरावीला कल्याणच्या कॉलेजात जाते आता, झेंडावंदनाला आली होती. तिला पुढे बोलावलं नाही कोणी. यादीत तिच्यासाठी शाल नव्हती. विनिता बाईंना मात्र होती, कारण त्यांचा आज इथला शेवटचा दिवस. पाहुण्यांना दुसऱ्या झेंड्याला जायचं होतं, त्यामुळे निरोपाचं भाषण दोन मिनिटांत आटपलं. आवडाबाईंनी शाल घातली, नारळ दिला, "येत र्‍हावा बाय," म्हणाल्या.

मग सगळे गेले. मुलं, पालक, शिक्षक, माईकवाला. कुंडलिक खुर्च्या एकात एक घालायला लागला.

विनिता बाई पर्स घ्यायला परत आल्या. रिकाम्या हॉलकडे बघत उभ्या राहिल्या. "कुंडलिक, पाच मिनिटं बसते रे," म्हणाल्या. भिंतीला हात, एक पाय लांब, आणि खाली. नारळ बाजूला ठेवला. शालीची घडी होती तशीच डोक्याखाली घेतली. आणि आडव्या झाल्या. पाचच्या जागी दहा मिनिटं झाली, मग त्यांचा श्वास लांब होत गेला.

कुंडलिक खुर्च्या लावून आला आणि सवयीने त्याने माझं एक टोक उचललं. दुसऱ्या टोकाला ऐश्वर्या आली होती, गुंडाळायला. तिने बघितलं.

"मामा, थांबा."

"अगं, कुलूप लावायचंय. सुट्टी हाय आज मला."

"थोडा वेळ. झोपल्यात त्या."

कुंडलिकने वाकून बघितलं. त्याने माझं टोक खाली ठेवलं, आपटू न देता, आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. ऐश्वर्या चपला काढून माझ्या कडेला बसली.

तेव्हापासून मी ही अशी हळू आवाजात बोलतेय. पाऊण तास झाला असेल. उद्या मला कापतील, उद्या बाई कळव्याला जातील. त्याबद्दल माझी तक्रार नाही, मी खूप वापरली गेलेय. तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. नव्या मॅटचा टेम्पो गेटपाशी आला असेल तर त्याला जरा बाहेरच थांबवा. आत येणार असाल तर चपला हातात घ्या, आणि अंथरुणाची घडी घालायची घाई कोणी करू नका.

कुंडलिकने किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकलाय आणि वाजू नये म्हणून खिशावर हात दाबून धरलाय.